ती ओरडली नव्हती

"तुम्ही जिन्यात बसा. इथे बाकीच्या पेशंटना वास येतो."

हे वाक्य डोंबिवलीतील एका नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, दारालगतच्या टेबलामागे बसलेल्या बाईंनी माझ्या पत्नीला ऐकवले. मी मागेच उभा होतो. पत्नीच्या खांद्याला धरून आमची वनिता उभी होती. म्हणजे उभी राहण्याचा प्रयत्न करीत होती. कमरेतून पार वाकलेली. नुकतीच दहावी झालेली मुलगी, पण पाठमोरी पाहणाऱ्याला ती म्हातारीच वाटली असती.

वासाविषयी आधी बोलतो. आम्ही तिघेही आंघोळ करून निघालो होतो. पत्नी त्या दिवशी बाजारात गेलीच नव्हती. तिने पेटीतले कोरे लुगडे काढले होते आणि अंबाड्यात अबोलीची वेणी माळली होती. फक्त ते लुगडे कोळी पद्धतीने नेसलेले होते. तेव्हा वास मासळीचा नव्हता. वास नेसणीचा होता. हा वास आमच्या शहरातील सुशिक्षितांना दवाखान्यात येतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो, शाळेच्या पालकसभेत येतो. पापलेट निवडताना मात्र येत नाही.

आम्ही जिन्यात बसलो. कुणी विचारील, शिकलेसवरलेले तुम्ही, बसलात कसे? त्याला माझे उत्तर आहे: मुलीला त्या क्षणी बापाचे भांडण नको होते, टेकायला भिंत हवी होती. वर जाणाऱ्या-येणाऱ्या बायका साड्यांचे काठ सावरीत आमच्या बाजूने गेल्या. वनिताने आईच्या पदराचे टोक दातांत धरले होते. तिच्या कपाळावरचा घाम मी माझ्या रुमालाने टिपत होतो. ती ओरडली नाही. हुंदकाही नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि ते शपथेवर का सांगावे लागते, तेच मला येथे सांगायचे आहे.

सर्वांत शेवटी आम्हाला आत बोलावले. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. तपासणीच्या पलंगावरची पांढरी चादर आम्ही गेल्यावर जशी होती तशीच आम्ही निघाल्यावर राहिली. वनिताच्या आईने सांगायला सुरुवात केली की पाळी आली की मुलगी जमिनीवर लोळते, शौचाला बसताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, गोळी दिली तर ती उलटून पडते. डॉक्टरांनी हात वर करून तिला थांबवले.

"तुमच्या बायकांना ओरडायची सवय असते. बाजारात काय, इथे काय. पाळीत दुखतंच. लग्न लावून द्या, एक मूल झालं की सगळं जागेवर येईल."

खोलीत त्या वेळी एकच आवाज मोठा होता. तो डॉक्टरांचा होता.

मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. नगरपालिकेच्या शाळेत मी मराठी शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. माझी पत्नी डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकत असे. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान आहे आणि यातली कोणती आधी सांगावी, हे मला दुसऱ्याने शिकवू नये. आज पत्नी नाही. वनिताही नाही. वनिता गेल्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आता तिच्या मरणाच्या अनेक हकिगती गावभर फिरत आहेत आणि त्यांतली एकही खरी नाही.

पहिली हकिगत आमच्याच नातेवाइकांची. ते म्हणतात, लहानपणी ती न सांगता विटाळाची होडीवर चढली होती, म्हणून देवी कोपली. मी त्यांना विचारतो, देवीला शिक्षा करायला एक पोरच सापडली काय? दारू पिऊन होडीवर चढणारे बापये तिला कधी दिसले नाहीत?

दुसरी हकिगत तिच्या सासरची. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही तिचे लग्न लावून दिले. शहाडला दिली. मूल झाले नाही. सासरचे सांगतात, पोटात मूल वाढले नाही म्हणून गाठ वाढली. म्हणजे दोष पुन्हा तिचाच. त्यांनी तिला परत पाठवली, तेव्हाही सासू दारातूनच म्हणाली, "तुमची वस्तू तुम्ही ठेवा." वस्तू. मी माझी मुलगी घरी आणली.

तिसरी हकिगत शिकलेल्या शेजाऱ्यांची. ते कारखान्यांच्या रसायनांवर बोट ठेवतात. खाडीत काय सोडले गेले आणि आमची मासळी कुठे गेली, हे मी त्यांच्यापेक्षा अधिक जाणतो. ते भांडण मी चाळीशीपासून भांडतो आहे. परंतु ते वेगळे भांडण आहे. एका गुन्ह्याच्या सावलीत दुसरा गुन्हा लपवू देण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

आणि चौथी हकिगत स्वतः डॉक्टरांची. ते म्हणतात, ही माणसे उशिरा येतात.

उशिरा? आम्ही पहिल्याच वर्षी गेलो. लग्नानंतर मूल राहीना तेव्हा पुन्हा गेलो. त्या खेपेला सोनोग्राफी झाली. अंडाशयात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, चॉकलेट सिस्ट आहे, पुष्कळ बायकांना असते, मूल झाले की जाईल. परतताना रिक्षात वनिता म्हणाली, "बाबा, नाव तरी गोड आहे." ती हसली, म्हणून आम्हीही हसलो. त्या गाठीत साखर नव्हती. दर महिन्याला बाहेर वाट न मिळालेले, जागीच साकळून काळे पडलेले रक्त होते. हे आम्हाला कुणी सांगितले नाही. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, हेही नाही. पुन्हा कधी या, गाठीवर लक्ष ठेवू, असेही नाही.

आता बाजाराविषयी सांगतो. डॉक्टरांच्या हकिगतीचे खोटेपण तिथेच उघडे पडते.

पत्नी गेल्यावर तिच्या ओट्यावर वनिता बसू लागली. आमच्याकडे बाजारातली जागा आईकडून लेकीकडे किंवा सासूकडून सुनेकडे येते. बाई ताप अंगावर काढील, बाळंतपणानंतर ओली बाळंतीण असताना येऊन बसेल, पण जागा रिकामी ठेवणार नाही. रिकाम्या जागेवर दुसरीची पाटी सरकते आणि गिऱ्हाईक एकदा सरकले की परत येत नाही. पाळीत होडीवर चढायचे नाही, हे आमच्यात होते. पण पाळी आहे म्हणून बाजार कुणी कधी थांबवला नाही. बाजाराला विटाळ नसतो.

आणि वनिताची जागा दर महिन्याला रिकामी असे. आधी एखादा दिवस. मग अधिक. पुढेपुढे तर महिन्यातले तिचे बसण्याचे दिवसच कमी झाले. शेजारच्या ओट्यावरची हौसा तिची जागा पाण्याने धुऊन, वर रिकामी पाटी पालथी घालून राखीत असे. सबंध बाजार ते पाहत होता. बाजारातल्या बायकांना कळत होते की कोळ्याची लेक जागा सोडते, तेव्हा ती मरणाच्या दारात असते.

डॉक्टर रविवारी त्याच ओट्यावर येत. त्यांना वनिताचा हात पसंत होता. सुरमईच्या तुकड्या ती एकसारख्या पाडते, असे ते म्हणत. तिने त्यांना पोटाचे पुन्हा सांगितले नाही, असे कुणी समजू नये. कोयत्यावर मासळी कापता कापता, खालच्या आवाजात, तिने सांगितले. हौसाच्या देखत सांगितले. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्यात अजून चार दिवस पाळतात, त्याला पोटदुखीचं नाव देऊ नकोस. महिन्याला सुट्टी घ्यायला ही काय सरकारी नोकरी आहे?"

हौसा मला नंतर म्हणाली, "गुरुजी, मी बोलनार व्हते त्याला. पन गिऱ्हाईक."

पन गिऱ्हाईक. मी तिला दोष देत नाही. मी एवढेच म्हणतो की ज्याला आमची मासळी ओळखता येत होती, त्याला आमचा रिवाज ओळखता आला नाही. आम्ही पाळतो म्हणून जागा रिकामी आहे, असे त्याने स्वतःच ठरवले. खरे नेमके उलट होते. पाळीत न थांबणाऱ्या बायकांमधली एकच थांबत होती. याहून मोठे लक्षण कोणते हवे होते? तोंडाने ओरडायचे नसेल तर माणसाने आणखी कसे ओरडावे?

पोट फुगू लागले तेव्हा वनिता म्हणाली, वात असेल. चेहरा सुकत गेला आणि पोट तेवढे वाढत गेले. मी तिला ठाण्याला सरकारी रुग्णालयात नेले. तेथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने वनिताला पलंगावर झोपवले, तपासले, आणि मग स्टूल ओढून आमच्या समोर बसली. इतक्या वर्षांत वनिताच्या पोटाला डॉक्टरचा हात प्रथमच लागला होता, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल. वाटू द्या.

त्या डॉक्टरिणीने मला सगळे समजावले. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर, भलत्या जागी रुजते. पाळीबरोबर तेही सुजते, रक्ताळते, आतले अवयव एकमेकांना चिकटवते. हा आजार असलेल्या बहुसंख्य बायकांना कर्करोग कधीही होत नाही. हे तिने दोनदा सांगितले आणि मीही येथे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या रागापायी कुणा मुलीची झोप उडू नये. परंतु अंडाशयाच्या काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका अशा बायकांना इतरांपेक्षा थोडा अधिक असतो. म्हणून अशी जुनी गाठ विसरून जायची नसते. ती वाढते का, तिचे रूप बदलते का, हे पाहत राहायचे असते. लग्न हा त्यावरचा उपचार नव्हे. बाळंतपणही नव्हे.

मी तिला सरळ विचारले, "तेव्हा पाहिले असते तर माझी मुलगी वाचली असती?"

ती जराही घुटमळली नाही. म्हणाली, "तसं मी सांगू शकत नाही, काका. पण पाहायला हवं होतं."

कित्येकांनी मला या उत्तराचा पहिला भाग ऐकवला आहे. बघा, डॉक्टरीणच म्हणते, सांगता येत नाही. मी दुसरा भाग धरून आहे. माझी मुलगी वाचली असती, असा दावा मी कधीच केला नाही. माझा दावा साधा आहे. तिच्याकडे पाहिले गेले नाही.

शस्त्रक्रिया झाली. आजार पोटभर पसरलेला निघाला. मग सलाइनमधून औषधे देण्यासाठी नवी मुंबईकडे खेपा सुरू झाल्या. शीळफाट्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी अडकून पडे. अशाच एका दुपारी वनिता डोक्याचा रुमाल नीट करीत मला म्हणाली, "बाबा, मी तेव्हा जिन्यात ओरडले होते का?"

मी म्हणालो, "नाही."

"डॉक्टर म्हणाले बाजारात. हौसामावशीकडे आले होते, मी ओट्यावर नुसतीच बसलेले. म्हणाले, तेव्हा एवढी ओरडत होतीस, कुणालाही नाटकच वाटलं असतं. मला आठवतंय मी गप्प होते. पण ते एवढं खात्रीनं म्हणाले."

पुढचा कंटेनर हलला नाही. मी तिचा हात धरला आणि शाळेत पाठ करून घेतात तसे तिला पुन्हा पुन्हा सांगितले की ती ओरडली नव्हती. तिने मान हलवली. पण तिच्या डोळ्यांत मला शंका दिसली. त्या माणसाने तिची वर्षे नेली, ते मी सोसले असते. त्याने तिच्याकडून तिची आठवणसुद्धा काढून घेतली. मरणाऱ्या माणसाजवळ दुसरे असते काय?

ती त्या शंकेसह गेली. मला ती दूर करता आली नाही.

तिच्या माघारी काही महिन्यांतच डॉक्टरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार निघाला. डोंबिवलीतली प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली, सभागृह घेतले. खाडीकाठच्या समाजातर्फे शाल घालायला मला बोलावले. ज्येष्ठ शिक्षक म्हणून. नकार द्यावा असे मनात होते. मग वाटले, पाहू तरी, माणूस काय बोलतो. आयोजकांनी मला पहिल्या रांगेत बसवले. या वेळी वास आला नाही.

डॉक्टरांनी भाषणात आपल्या सेवेच्या आठवणी सांगितल्या. त्यात एक आमची होती. ते म्हणाले, एक कोळ्याची मुलगी जिन्यापासून ओरडत, सगळा दवाखाना डोक्यावर घेत आली होती. मी तिला शांत केले. पुढे बिचारी कर्करोगाने गेली. तिचे वडील आज इथे आहेत. काय करणार, ही मंडळी मनाने सोन्याची, पण येतात उशिरा. सभागृहात सहानुभूतीचा च्‌ च्‌ असा आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. निवेदकाने माझे नाव पुकारले. शाल तबकात माझ्यासमोर आली.

मी उठलो. शाल उचलली नाही. दोन शब्द बोलण्यासाठी निवेदकाने ध्वनिक्षेपक माझ्यापुढे धरला होता. मी म्हणालो, "ती ओरडली नव्हती. तुम्ही आम्हाला जिन्यात बसवले होते, आणि ती ओरडली नव्हती."

ध्वनिक्षेपक बंद झाला. इतक्या तत्परतेने की मला ते कौतुकास्पद वाटले. आयोजकांचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. हात माझ्या खांद्यावर, दाब खालच्या दिशेने. "गुरुजी, बसा. आम्ही समजू शकतो. बसा."

बसा.

तेव्हाही हाच शब्द होता. तेव्हा जिना होता, आता पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची होती, शब्द तोच. आयुष्यभर मी हा शब्द वर्गातल्या मुलांना सांगितला आणि बाहेर स्वतः ऐकला. त्या क्षणी मला लखलखीत समजले की आम्हाला कुठे बसवायचे, एवढ्यापुरतीच या मंडळींची प्रगती झाली आहे. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. जे ध्वनिक्षेपकात बोललो होतो तेच त्याच्याविना पुन्हा बोललो, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. वर्गाने मला तेवढा आवाज दिला आहे. मग चालत बाहेर आलो. माझ्यामागे कुणीही उठले नाही. जिना उतरत असताना शाल दुसऱ्या कुणीतरी घातल्याच्या टाळ्या ऐकू आल्या.

आता पाचवी हकिगत फिरते आहे. गुरुजींना मुलीच्या दुःखाने भ्रम झाला. ही सर्वांना सोयीची आहे. डॉक्टरांनाही, नातेवाइकांनाही. माझ्या पुतण्याने तर मला आडून सुचवले की एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू. मी त्याला म्हणालो, चल, पण तो आपल्याला कुठे बसवतो ते आधी विचारून ये.

राहिली वनिताची जागा. आमच्या घरात आता बाई नाही. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे ती जागा दुसऱ्या घराला जाते, आणि रिवाज वाईट नाही. पुष्कळ लेकी-सुना जागेसाठी थांबलेल्या आहेत. तरीही एका सकाळी मी त्या ओट्यावर जाऊन बसलो. धोतर, कोट, टोपी. समोर पालथी पाटी. पुरुष माणूस तिथे बसत नाही. आमच्या सबंध बाजारात असे कधी घडलेले नाही. बायका आधी हसल्या. एकीने विचारले, "गुरुजी, बोंबील कसे लावले?" दुसरी म्हणाली, आज शाळेला सुट्टी दिसते. मग हौसा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, ही बायकांची जागा हाय. लोक हसतान."

मी म्हणालो, "हसू दे. मी तिची जागा राखतो आहे. तूही राखत होतीसच ना?"

 हौसाने तांब्याभर पाणी आणून ओटा धुतला, माझ्या पायांशेजारून.

रविवारी डॉक्टर आले. मला पाहून थबकले. "गुरुजी, तुम्ही इथे?" मी त्यांना जे दोनदा सांगितले होते ते तिसऱ्यांदा सांगितले, तितक्याच मोठ्याने. ते दोन पावले पुढे सरकले आणि हौसाकडून त्यांनी सुरमई घेतली. हौसाने ती दिली. तुकड्या पाडताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी म्हटलेच आहे, मी तिला दोष देत नाही. तिलाही घर आहे.

तेव्हा यातून काही होईल, अशा भ्रमात मी नाही. डॉक्टर पुढच्या रविवारी येतील. दवाखान्याचा जिना तिथेच आहे. आज सकाळीदेखील तिथे कुणाची तरी मुलगी पोट धरून बसली असेल, आणि वरच्या खोलीत कुणीतरी तिच्या आईला लग्नाची स्थळे सुचवत असेल. वनिता परत येणार नाही. मी बोललो ते तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. माझ्या बोलण्याने एकही मुलगी वाचेल, याची मला खात्री नाही.

तरीही मी रोज सकाळी तिथे बसतो. मासळी नसते. कोयता नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मी त्या आजाराचे नाव ऐकवतो, पूर्ण, न अडखळता, आणि सांगतो की पाळीत जमिनीवर लोळण्याइतके दुखणे हा बाईच्या जातीचा नेम नव्हे, तपासा म्हणावे, पोटाला हात लावा म्हणावे, गाठ सांगितली तर तिच्यावर लक्ष ठेवा म्हणावे. काही ऐकतात. बहुतेक नाक मुरडून पुढे जातात. ज्या बाजारात आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओरडून मासळी विकली, तिथे माझा आवाज कुणाला मोठा वाटण्याचे कारण नाही. ज्यांना वाटतो, त्यांनी जिन्यात जाऊन बसावे.

परवा बाजाराच्या पंच बायका आल्या होत्या. जागा पुढच्या घराला द्यायची आहे, म्हणाल्या, गुरुजी, उठा आता.

मी उठलो नाही.